देवधर्म आणि आपलं सोलापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गड्डा, म्हणजे आपली संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, जवळ आला, गणपती बसले, जयंत्यांचा सीझन सुरू झाला किंवा कुणाच्या पोरीनं स्वतःहून लग्न ठरवलं, की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. कधी चहाच्या टपरीवर, कधी फॅमिली ग्रुपवर, कधी दहाव्याला बसल्या बसल्या. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी महाराज नाही आणि प्रोफेसर पण नाही, त्यामुळं जिथं कायदा आहे तिथं कायदा सांगितलाय आणि जिथं माझं मत आहे तिथं मत म्हणूनच घ्या, पटलं नाही तर भांडा, चालतंय.

सोलापुरात धर्म वाढलाय का कमी झालाय? एक काय ते सांगा.

एक सांगता येत नाही, कारण घरात वेगळं चाललंय आणि रस्त्यावर वेगळं.

घरात बघा. आजीचं सोवळं होतं, पाळी आली की बाई बाजूला बसायची, कुठल्या वारी काय शिजणार ते ठरलेलं, कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही ते पण ठरलेलं, पोराचं नाव पंचांगातल्या अक्षरावरून. यातलं कितीतरी गळून पडलं आणि ते पडताना कुणी मोर्चा काढला नाही की भाषण ठोकलं नाही. फ्लॅट आला, सून नोकरीला लागली, पुण्याला शिकायला गेलेलं पोरगं मेसमध्ये कुणाच्याही शेजारी बसून जेवायला लागलं, विषय संपला. जातीचा विषय मात्र संपला नाही बरं का, भाड्यानं घर बघायला गेलात की आडनाव विचारतातच.

रस्त्यावर उलटं. मंडळं वाढली, फ्लेक्स वाढले, मिरवणुका लांबल्या, गाडीच्या काचेवर देव, स्टेटसला देव, रिंगटोनला देव. ज्या पोराला संध्याकाळी घरात शुभंकरोती म्हणायला सांगितलं तर कंटाळा येतो तोच पोरगा मिरवणुकीत रात्रभर पाय मोडेपर्यंत नाचतो. म्हणजे धर्माचा हुकूम कमी झाला आणि आवाज वाढला, असं माझं म्हणणं आहे. म्हणून माणसं किती धार्मिक झाली हे मोजत बसण्यात मला फार अर्थ वाटत नाही. मी एवढंच बघतो की ज्याला नको आहे त्याला ‘नको’ म्हणता येतं का, आणि म्हणल्यावर त्याचं काय होतं.

सेक्युलर म्हणजे देव न मानणारा, असंच ना?

नाही ओ. हे दोन वेगळे विषय आहेत. रोज पहाटे उठून सिद्धेश्वराला जाणारा माणूस पक्का सेक्युलर असू शकतो आणि देव न मानणारा माणूस पक्का जातीयवादी असू शकतो, दोन्ही नमुने तुम्हाला एकाच पेठेत सापडतील.

सेक्युलर असायचं असतं ते सरकारनं. घटनेच्या उद्देशिकेत तो शब्द १९७६ ला बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आला हे खरं आहे, पण कलम २५ ते २८ पहिल्यापासूनच आहेत, त्यामुळं ‘इंदिराबाईंनी घुसडलं’ हा मुद्दा अर्धवट आहे. कलम २५ सांगतं की कुठलाही धर्म मानायचा, आचरायचा, त्याचा प्रचार करायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. न मानायचा हक्क पण त्यातच येतो.

परदेशात म्हणे चर्च रिकामी पडली. आपल्याकडं पण तसंच होणार का?

तिकडं झालं हे खरं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ च्या जनगणनेत ५९ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिश्चन म्हणून लिहिलं होतं, २०२१ ला ते ४६ टक्क्यांवर आलं, आणि कुठलाच धर्म नाही असं लिहिणारे २५ वरून ३७ टक्क्यांवर गेले. दहा वर्षात एवढा फरक. सन १९६० च्या दशकात तर समाजशास्त्रवाल्यांना वाटायचं की शिक्षण आलं, कारखाने आले, शहरं वाढली की धर्म आपोआप आटत जाणार, सगळ्या जगात. त्यात पीटर बर्गर हे मोठं नाव होतं, आणि त्याच बर्गरनी १९९० च्या दशकात उघड सांगितलं की आपला अंदाज चुकला, जग पूर्वीएवढंच धार्मिक आहे, काही ठिकाणी जास्तच.

आपल्याकडं तो हिशोब लागत नाही याचं एक कारण मला असं वाटतं की तिकडं धर्म म्हणजे एक संस्था होती, सभासदत्व होतं, रविवारची हजेरी होती. हजेरी बंद झाली की दिसतं. आपल्याकडं हजेरीच नाही. देवळात न जाणारा माणूस पण घर घेताना वास्तू करतो, गाडी घेतली की लिंबू ठेवतो, आणि विचारलं तर म्हणतो, ‘मी काय एवढा मानत नाही, आईसाठी करतो.’ आता याला कुठल्या रकान्यात टाकायचं?

मग इथं नास्तिक किती आहेत?

कागदावर फारच थोडे. २०११ च्या जनगणनेत देशभरात धर्म न सांगणारे साधारण २८.७ लाख, म्हणजे पाव टक्क्याच्या आसपास, आणि त्यातले सगळे नास्तिकच असतील असं पण नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२१ ला भारताचा मोठा सर्व्हे छापला, जवळजवळ ३० हजार लोकांशी बोलून, त्यात ९७ टक्के म्हणाले देव मानतो.

पण त्याच सर्व्हेतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ८४ टक्के लोक म्हणाले की खरा भारतीय असायला सगळ्या धर्मांचा आदर करणं फार गरजेचं आहे. आणि लगेच पुढं, आपल्या धर्मातल्या बाईनं दुसऱ्या धर्मात लग्न करणं थांबवलं पाहिजे हे फार महत्त्वाचं, असं म्हणणारे हिंदूंमध्ये ६७ टक्के आणि मुसलमानांमध्ये ८० टक्के. आदर करतो पण घरात नको. कुणाला खटकेल, पण हे वाचलं तेव्हा मला आपलीच गल्ली आठवली.

गड्डा हा धार्मिक कार्यक्रम आहे का सांस्कृतिक?

हा प्रश्न बाहेरून आलेले लोकच विचारतात. सोलापूरकराला विचारलं तर तो म्हणेल, ‘गड्डा म्हणजे गड्डा बे.’

तरी उत्तर देतो. सिद्धरामेश्वर, म्हणजे आपले सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले. तळं खोदलं, लोकांच्या पाण्याची सोय केली, म्हणजे ज्याला आज आपण पब्लिक वर्क्स म्हणू ते करणारा हा योगी. त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. तेच लग्न दर संक्रांतीला लागतं. सात नंदीध्वज निघतात, आपण त्यांना काठ्या म्हणतो, बाराबंदी घातलेली माणसं ते उंच ध्वज तोलत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, तैलाभिषेक होतो, मग संमती कट्ट्यावर अक्षता, ‘सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम’ झालं की चारी बाजूनं तांदूळ उडतात, पुढं होम, शोभेचं दारूकाम वगैरे.

आता बघा, त्या अक्षतेला उभी असलेली माणसं घरात कन्नड बोलतात, तेलुगू बोलतात, मराठी बोलतात, दखनी बोलतात. त्यातल्या किती जणांना अडुसष्ट लिंगं कुठं कुठं आहेत ते सांगता येईल? फार नाही. आणि गड्ड्याच्या मैदानावर तर पाळणे, मौत का कुआँ, भांडी, खेळणी, भजी यांचाच कारभार, तिथं स्टॉल लावणारा कुठल्या धर्माचा हे कुणी विचारत नव्हतं. ‘नव्हतं’ मुद्दाम लिहिलंय. हल्ली जत्रेत कुणी धंदा करायचा आणि कुणी नाही यावर महाराष्ट्रात ठिकठिकाणी वाद उकरून काढले जातात. आपल्याकडं ते येऊ नये असं वाटत असेल तर बोलायची वेळ जत्रेच्या आधी असते.

तर धार्मिक का सांस्कृतिक? मानकऱ्यांसाठी धार्मिक, पाळण्यात बसलेल्या पोरासाठी जत्रा, पुण्याहून सुट्टी काढून येणाऱ्या इंजिनिअरसाठी आपलं गाव. तिघं पण खरे. धर्माची भूमिका बदलते म्हणजे बहुतेक वेळा असंच होतं, विधी तोच राहतो आणि त्याच्याभोवती उभं राहणाऱ्यांची कारणं बदलत जातात.

गिरण्या बंद पडल्या आणि मंडळं वाढली, याचा काही संबंध आहे का?

माझ्या मते आहे. १८७७ ला जुनी गिरणी सुरू झाली, पुढं लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. गिरणीच्या भोंग्यावर शहर उठायचं आणि झोपायचं. भोंग्याला धर्म नव्हता. गिरणीत पण जात होती, उगाच गोड चित्र काढत नाही, पण पगारवाढीच्या मोर्चात मल्लिकार्जुन, यल्लय्या, अब्दुल आणि तुकाराम एकाच ओळीत चालायचे कारण पगार चौघांचा एकच अडलेला असायचा. युनियन होती, सोसायटी होती, व्यायामशाळा होती. पोराला ‘आपले लोक’ म्हणायला बऱ्याच जागा होत्या.

गिरण्या गेल्या, यंत्रमागाची पण हालत बघताय. मग पोरांना एकत्र बसायला जागा कुठली उरली? मंडळाची शेड. तिथं कॅरम आहे, ओळख आहे, दवाखान्यात बेड मिळवून देणारा दादा आहे. तिथून धर्म सुरू होतो असं नाही, आधी आधार सुरू होतो आणि झेंडा मागून येतो. त्या पोरांना नुसतं ‘अंधभक्त’ म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी त्यांना दुसरी जागा दाखवावी. विडी कामगार बायकांनी युनियनच्या जोरावर कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी केली ती याच शहरात. तिथं घर मिळालं ते विडी वळणाऱ्या हाताला, हे नवीन पिढीला सांगायला आपण विसरतोय.

मुख्यमंत्री आषाढीला विठ्ठलाची महापूजा करतात. मग सरकार सेक्युलर कसं?

चांगला प्रश्न, आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळं दरवर्षी येतो. फ्रान्समध्ये १९०५ च्या कायद्यानं सरकार आणि चर्च पार वेगळे केले, तिथं असं काही झालं तर गहजब होईल. आपलं तसं नाही. आपलं सरकार धर्माच्या कारभारात हात घालतं, कधी पूजा करायला आणि कधी सुधारायला.

सुधारायची बाजू बघा. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांसाठी उघडं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांची समाधी दारात, आणि त्यांच्या लोकांना दार बंद, ते पण इतकी शतकं. नंतर १९७३ ला पंढरपूर मंदिराचा कायदा झाला, देवळाचे पिढीजात पुजारी बडवे-उत्पात यांनी कोर्टात लढा दिला, आणि जानेवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टात त्यांचे वंशपरंपरागत हक्क कायमचे गेले. त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजारी नेमायला सगळ्या जातींच्या लोकांकडून अर्ज मागवले, बायकांकडून पण. हे सगळं सरकारनं हात बाजूला ठेवला असता तर झालं नसतं.

महापूजेबद्दल माझं वैयक्तिक मत असं की मुख्यमंत्र्यांनी जावं, रांगेतून जावं. त्यांच्या गाड्यांसाठी वारकऱ्याला ताटकळत ठेवणं हे मला सेक्युलर नसण्यापेक्षा जास्त खुपतं.

पोरगं म्हणतं पूजा करणार नाही, जानवं घालणार नाही, मुंज नको. काय करावं?

काही करू नका. खरंच. पोरगं दारू पीत नाही, आईबापाला बघतं, कुणाचे पैसे बुडवत नाही ना? मग नारळी पौर्णिमेला त्याच्या गळ्यात जानवं पडलं नाही म्हणून मार्कंडेयाचा रथ अडत नाही. जबरदस्ती केली तर ते तुमच्या समोर हात जोडेल आणि मागं खोटं बोलायला शिकेल.

उलट पण तेवढंच खरं. शिकलेल्या पोरांनी आईच्या देव्हाऱ्याची टिंगल करणं बंद करावं. तिला दिवसभरात स्वतःसाठी मिळणारा तेवढाच अर्धा तास असतो, त्यात कोण देव आहे हा प्रश्नच वेगळा.

हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलवलं तर चालतं का?

कोण अडवणार आहे? कायदा तर नाहीच अडवत. अडवते ती शेजारणीची नजर.

यात आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात बघितलं की नवरा गेला की त्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे सगळं तिच्या दुःखाच्या वर लादलं जातंय. त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की माझ्या मागं माझ्या बायकोवर असली सक्ती करू नये, आणि ग्रामपंचायतींनी ठराव करावेत म्हणून मागं लागले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, विधवा प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना सांगितलं की हेरवाडचा आदर्श घ्या.

ठराव झाला म्हणून सगळं बदललं असं नाही, पण ठरावाचा एक फायदा होतो, ज्या सासूला मनातून सुनेच्या बांगड्या फोडायच्या नसतात तिला लोकांना सांगायला कारण मिळतं, ‘आता गावचाच नियम आहे बाई.’ रीत बदलताना माणसाला कुणाच्या तरी नावावर बदलायची असते.

आणि हे देव सोडून झालेलं नाही. कुंकू लावून त्या बायका देवळातच जातात.

डीजेबद्दल बोललं की म्हणतात आमच्याच सणाला नियम का?

नियम सगळ्यांना एकच आहे, सांगताना मात्र प्रत्येक जण समोरच्याचा सण सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देता येते. राहत्या भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. यात ना गणपतीचं नाव आहे, ना उरुसाचं, ना कुठल्या जयंतीचं, ना मशिदीच्या भोंग्याचं.

आवाज ५५ वर ठेवून कुठली मिरवणूक निघत नाही हे मला पण माहीत आहे. पण छातीत धडधडेल आणि खिडकीच्या काचा वाजतील इतका बेस लावायला कुठल्याच देवानं सांगितलेलं नाही. आपल्या सोलापूरचा आजोबा गणपती टिळकांच्या १८९३ च्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या पण आधीपासूनचा असं आपण अभिमानानं सांगतो ना, तेव्हा काय लावत होते? लेझीम, हलगी, टाळ. हलगीवर नाचणारा माणूस थकतो आणि मिरवणूक संपते. डीजे थकत नाही हीच अडचण आहे.

मुस्लिम, ख्रिश्चन, लिंगायत यांच्यात पण हेच चाललंय का?

आपापल्या परीनं सगळीकडं चाललंय. हमीद दलवाईंनी १९६६ ला सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत नेला तेव्हा लोक हसले होते, १९७० ला त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आणि एका दमातला तोंडी तिहेरी तलाक सुप्रीम कोर्टानं रद्द केला २०१७ ला. मध्ये अर्धं शतक गेलं. लिंगायत समाजात स्वतंत्र धर्माची मागणी आहे, तिच्यावरून एकाच घरात दोन मतं असतात, काका एका मोर्चाला आणि पुतण्या दुसऱ्या.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. आपल्या दख्खनमध्ये मिसळलेल्या रीती फार होत्या. मोहरमच्या पंजाला हिंदू घरातून नवस, दर्ग्यात नारळ, गावच्या जत्रेत मुस्लिम मानकरी. आता दोन्हीकडून साफसफाई चालू आहे. इकडचे म्हणतात दर्ग्यात जायचं नाही, तिकडचे म्हणतात पंजे बसवणं धर्मात बसत नाही. दोघंही आपापला धर्म शुद्ध करतायत आणि मधली जागा, जिथं आपल्या आज्या एकमेकींच्या लेकरांची दृष्ट काढायच्या, ती आकसत चाललीय. समाज सेक्युलर होताना ही जागा वाढायला पाहिजे होती.

आंतरधर्मीय लग्न करायचं आहे, धर्म बदलावा लागतो का?

नाही. १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठीच आहे. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी एक तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेला पाहिजे. विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती ऑफिसात लागते, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन लग्न. दोघं आपापल्या धर्मात राहू शकतात.

ती नोटीसच खरी अडचण आहे. बोर्डावर लागलेला कागद कुणीतरी फोटो काढून मामाला पाठवतो आणि मग तमाशा. त्यामुळं घरातून धोका असेल तर आधी वकिलाला भेटा, पोलीस संरक्षण मागता येतं. दोघं हिंदू असून जात वेगळी असेल तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पण लग्न होतं, तिथं ही नोटीस लागत नाही.

लग्नानंतर जातीनं वाळीत टाकलं तर?

तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, २०१६ चा कायदा, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायत जमवून दंड ठोठावणारे पण यात येतात. पोलीस स्टेशनला ‘आपसात मिटवा’ म्हणतील, तुम्ही कायद्याचं नाव घेऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

जादूटोण्याच्या कायद्यानं पूजा, वारी, कीर्तन बंद होणार होतं म्हणे?

हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि साफ खोटं आहे. कायद्यातच लिहिलंय की प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन याला हात लावलेला नाही. या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर लगेच वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा. नरबळी, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावावर लुबाडणं, साप चावला तर दवाखान्यात जाऊ न देणं, असल्या गोष्टींना ६ महिने ते ७ वर्षं शिक्षा आहे. वारी अजून चालू आहे, दरवर्षी बघताय तुम्ही.

शाळेत प्रार्थना, सरस्वतीपूजन, नमाजाची सुट्टी, यावर कायदा काय?

कलम २८. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत देत असतील तर पोराला त्यात बसायची सक्ती करता येत नाही, पालकांची संमती लागते. सुट्ट्या हा शाळेच्या प्रशासनाचा विषय. पोराला बसवायचं नसेल तर भांडण न करता साधं पत्र द्या.

फॉर्मवर धर्म लिहायचा नसेल तर?

नाही लिहिला तरी चालतो. मुंबई हायकोर्टानं २०१४ ला सांगितलंय की धर्म नाही असं म्हणायचा हक्क माणसाला आहे आणि सरकारी फॉर्मवर धर्म जाहीर करायची सक्ती करता येत नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये लाल चांदणीवाला रकाना असला की मात्र हायकोर्ट कामाला येत नाही, तिथं ‘इतर’ शोधा.

वडिलांनी देहदान करा म्हणून सांगून ठेवलंय, भावकी म्हणते मुक्ती मिळणार नाही.

आपल्याकडं वैशंपायन मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या शरीररचना विभागात चौकशी करा. वडिलांनी जिवंतपणी फॉर्म भरला असेल तर उत्तम, पण शेवटी वारसांची तयारी लागतेच, म्हणून भावंडांशी आधी बोलून घ्या, ऐनवेळी मोठा भाऊ अडला की सगळं राहतं. पोस्टमॉर्टेम झालेला देह घेत नाहीत. डोळे द्यायचे असतील तर सहा तासांच्या आत.

भावकीला सांगायला एक गोष्ट. अंत्यविधी कधीच एकसारखे नव्हते. लिंगायतांमध्ये बसवून पुरतात, काही समाजात जाळतात, काही ठिकाणी लहान मूल पुरतात. एकाच गावात तीन रीती चालत आल्या आणि मुक्तीवरून कुणी कुणाला अडवलं नाही, मग चौथीला का अडवता? दहावा करायचा असेल तर देहदान करून पण करता येतो, बरेच जण तसंच करतात, विधीपण होतो आणि वडिलांचा शब्दपण राहतो.

धर्माचा धाक गेला तर माणसं बिघडणार नाहीत का?

धाक होता तेव्हा पण लोक भावाची जमीन खातच होते.

आणि आपल्या शहराला तरी हा प्रश्न पडू नये. स्वातंत्र्यलढ्यात १९३० ला इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा. चौघं चार समाजांतले. चौघांचे देव वेगळे असतील, असतीलच, पण त्यांना एकत्र आणलं ते गावानं आणि अन्यायाच्या रागानं. चार पुतळ्यांपाशी रोज रिक्षा थांबते, वर मान करून नावं कोण वाचतो?

वर्गणी देणं सक्तीचं आहे का?

नाही. कुठल्याच देवाची, कुठल्याच जयंतीची नाही. वर्गणी गोळा करायला मंडळाला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-क खाली. पोरं आली की परवानगी विचारा, पावती मागा, झेपेल तेवढे द्या, द्यायचे नसतील तर हसून नाही म्हणा. दुकानासमोर गाड्या लावून, आकडा स्वतःच लिहून आणून ‘शेठ एवढे द्यावेच लागतील’ म्हणत असतील तर ती वर्गणी राहत नाही, खंडणी होते, तेव्हा एकट्यानं वाद घालू नका, शेजारच्या दोन-चार दुकानदारांना बरोबर घेऊन तक्रार द्या. एकट्याचं नाव पुढं आलं की पुढच्या वर्षी त्याच्याच शटरवर राग निघतो.